नेलपॉलिशची रेघ

लिफ्ट अजून सुरू झालेली नाही आणि सात मजले चढायची माझी तयारी नाही. मुलगा आणि सून फ्लॅट बघायला वर गेले, मी खाली पार्किंगमध्ये वॉचमनने आणून दिलेल्या प्लास्टिकच्या खुर्चीत बसले आहे. गुडघ्यांचं हे एक बरं असतं, त्यांचं नाव काढलं की कोणी आग्रह करत नाही. हल्ली मला आग्रहाचाच कंटाळा येतो. फरशी कुठली, किचनचा ओटा कोणत्या बाजूला, बाल्कनीतून काय दिसतं, हे सगळं मी आयुष्यात तीनदा केलं आहे आणि चौथ्यांदा उत्साह कुठून आणायचा ते मला कळत नाही.

बिल्डिंग बदलापूर गावाच्या कडेला, नदीकडे उतरणाऱ्या रस्त्यावर आहे. येताना मी काहीच ओळखलं नव्हतं. सगळीकडे पत्र्यांची कुंपणं, सिमेंटचे ट्रक, आणि ज्यांच्यावर हसरी कुटुंबं छापलेली असतात ते फलक. पण इथे बसल्यावर दोन खांबांच्या मधून पलीकडच्या डोंगराची कड दिसली. ती कड अशी, डाव्या बाजूला खांदा पडलेली, फक्त एकाच जागेवरून दिसायची. मी खुर्ची थोडी उजवीकडे सरकवली. हो, इथेच. इथे बाळारामकाकांची धाव होती.

धाव म्हणजे छकड्याच्या शर्यतीसाठी बैल तयार करायची लांब, सरळ पट्टी. भात कापून झालं की काका आपल्याच शेतांचे बांध चार ठिकाणी फोडायचे, ढेकळं मोडायचे, आणि पावसाळ्यापर्यंत ती जमीन बैलांची. कोरडी माती, शेण आणि कापलेल्या भाताची बुडखी यांचा मिळून एक वास असायचा, जरा गोडसर, जरा घशात खवखवणारा. एका हिवाळ्यात त्या वासात आणखी एक वास मिसळला होता, ऑइल कालवलेल्या पेट्रोलच्या निळ्या धुराचा. तो धूर माझ्या गाडीचा होता. माझ्या म्हणजे दादाच्या. अजूनही तोंडातून आधी ‘माझ्या’ येतं आणि मग दुरुस्ती करावी लागते.

साल एकोणनव्वदचं असावं. मी बावीस वर्षांची होते. आम्ही अंबरनाथला, कंपनीच्या क्वार्टर्समध्ये राहायचो. अप्पा, म्हणजे माझे वडील, एका केमिकल कारखान्यात शिफ्ट इनचार्ज होते. दादा माझ्याहून तीन वर्षांनी मोठा, दुसऱ्या एका कारखान्याच्या टूलरूममध्ये. मी बी.एस्सी. होऊन रंगाच्या कारखान्यात लॅबला लागले होते. दिवसभर रंगाचे नमुने तपासायचे. नखांत रंग जाऊन बसायचा, सोमवारी पिवळा तर गुरुवारी जांभळा, आणि रॉकेलने चोळलं तरी हलायचा नाही. घरात माझ्या लग्नाचं बोलणं सुरू झालं होतं. अशी नखं घेऊन पोह्यांची बशी कशी पुढे करणार, म्हणून आईने लाल नेलपॉलिशची एक बाटली आणून दिली. ती बाटली माझ्या नखांना फारशी लागलीच नाही. ती गाडीला लागली.

गाडीची गोष्ट अशी. दादाने शंभर सीसीची एक टू-स्ट्रोक मोटरसायकल भंगारातून उचलून आणली होती. कोणाची तरी रस्त्यावर आपटलेली. क्वार्टरच्या मागच्या अंगणात, तुळस आणि कपड्यांची दोरी यांच्या मधल्या जागेत त्याने ती सोडवायला घेतली. दिवा काढला, इंडिकेटर काढले, दोन्ही मडगार्ड, चेनकव्हर, किलोमीटर दाखवणारा काटा, सगळं काढलं. आई भाजी निवडता निवडता म्हणायची, “नुसता काढतोयस रे. घालणार काय आहेस?” तो सायलेन्सर वर वळवून घेत होता, मागचं दातेरी चाक मोठं बसवत होता, म्हणजे वेग कमी पण ओढ जास्त. ऑइलचा पंपसुद्धा त्याने काढून टाकला. तेवढंच वजन कमी, ऑइल काय हाताने कालवता येतं. शेवटी ती गाडी इतकी हलकी झाली की मी एकटी तिचा मागचा भाग उचलून बाजूला ठेवायची. मातीवर पळायची गाडी. फेब्रुवारीच्या शेवटी उल्हासनगरच्या बाजूला एका मोकळ्या मैदानात मातीवरची शर्यत होती आणि दादाला तिच्यात उतरायचं होतं. गेली दोन वर्षं त्याच्या डोक्यात दुसरं काही नव्हतं.

आणि डिसेंबर संपता संपता कारखान्यात त्याच्या पावलावर लोखंडी जॉब, म्हणजे कापायला घेतलेला जड तुकडा, पडला. दोन हाडं मोडली. गुडघ्यापर्यंत प्लास्टर, सहा आठवडे.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. इंजिनात नवा पिस्टन बसवला की गाडी लगेच पळवत नाहीत. पिस्टन आणि सिलिंडर एकमेकांना घासून, एकमेकांच्या मापाचे व्हावे लागतात. त्यासाठी काही तास ती अगदी बेतानं चालवायची, थांबवायची, गार होऊ द्यायची, पुन्हा चालवायची. याला सगळे रनिंग-इन म्हणायचे. त्यात कोणी घाई केली, वेगाची मूठ जास्त पिळली, तर पिस्टन तापून आतल्या आत चिकटतो आणि सगळी मेहनत मातीत. शर्यतीच्या आधी हे काम व्हायलाच हवं होतं आणि दादा पलंगावर पाय उशीवर ठेवून छताकडे बघत पडला होता.

“सतीशला दे ना,” मी म्हटलं. सतीश त्याचा जिवलग मित्र.

“सतीशला दिली तर तासाभरात पिस्टन जाम. त्याला हळू चालवताच येत नाही.”

“मग कोण?”

“तू.”

“मी मोपेड चालवते, दादा. तीपण लॅबपर्यंत.”

“तेच म्हणतोय. अख्ख्या अंबरनाथमध्ये तुझ्याइतकं हळू कोणी चालवत नाही.”

हे कौतुक होतं की चेष्टा ते मी विचारलं नाही. कपाळाला आठ्या घातल्या आणि हो म्हटलं.

पिस्टन आणायला आम्ही उल्हासनगरला गेलो होतो, मोपेडवर. मी पुढे, दादा मागे, प्लास्टरचा पाय बाजूला सरळ काढलेला, त्यामुळे समोरून येणारे रिक्षावाले शिव्या घालत वळत होते. त्या बाजारात तेव्हा जगातली कुठलीही वस्तू हुबेहूब तशीच दुसरी मिळायची. पण त्या सिंधी दुकानदाराने पुडा पुढे केला आणि परत मागे घेतला. “साईं, कपडा डुप्लिकेट दूंगा, घडी डुप्लिकेट दूंगा. पिस्टन नहीं दूंगा. आठ दिन रुको, असली मंगवाता हूं.” मग त्याने विचारलं, गाडी चालवणार कोण. दादाने अंगठ्याने माझ्याकडे दाखवलं. मला वाटलं, आता हा हसणार. तो हसला नाही. काउंटरवर माझा हात पालथा ठेवायला लावला, बोटं बघितली, आणि आतून क्लचला लावायला मोपेडच्या ब्रेकची आखूड दांडी शोधून आणली. “बेटी का हाथ छोटा है. बडा लीवर पकडेगी तो कलाई जाएगी.” त्या दुकानात रबराचा, अत्तराचा आणि तळलेल्या पापडाचा वास यायचा. कुठे पापड तळल्याचा वास आला की मला अजून ती दांडी हातात आल्यासारखी वाटते.

गाडी रस्त्यावर चालवणं शक्यच नव्हतं. तिला ना दिवा, ना नंबर. दादाच्या टूलरूममधल्या एका हेल्परचे चुलते म्हणजे बाळारामकाका. टेम्पोत घालून गाडी त्यांच्या गोठ्यात नेऊन ठेवली, दोन शर्यतीच्या बैलांच्या शेजारी. सकाळी काका बैल पळवायचे, उन्हं चढली की पट्टी आमची, असं ठरलं. काका साठीच्या पुढचे, अंगात बंडी, डोक्याला टॉवेल. त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली, टाकीचं झाकण काढून वास घेतला, बैलाच्या खुराकाचा घ्यावा तसा.

“ही गारी कोन चालवनार? तू?” त्यांनी मला विचारलं.

“रनिंग-इनपुरती,” मी घाईघाईने म्हटलं.

“बरा हाय. आमचे घरी नवा खोंड पयला सून चालवते. बाप्या मानसाचा हात लागला का जनावर घाई करतं.”

मग त्यांनी बैलाच्या पायात बांधतात तसा काळा दोरा गाडीच्या हँडलला बांधला. दादा टूलरूमवाला माणूस, मायक्रोमीटरशिवाय कशावर विश्वास न ठेवणारा, पण त्याने तो बांधू दिला.

पहिल्या दिवशी गाडी माझ्या हातात तीनदा बंद पडली. किक उलटी आली आणि नडगीवर टेंगूळ आलं. पायात दादाचे बूट, त्यांच्यात दोन-दोन मोजे, डोक्यावर त्याचं हेल्मेट, त्यात घडी घातलेला पंचा. चौथ्यांदा ती सुरू राहिली. तो आवाज मला लिहिता येणार नाही. मोटरसायकली मी ऐकलेल्या होत्या, पण त्या दुसऱ्यांच्या होत्या. हा आवाज पोटातून वर येत होता आणि दातांत वाजत होता. बैलांनी कान टवकारले, काकूंच्या कोंबड्या पळाल्या, आणि मी सायकलच्या वेगाने त्या पट्टीवरून पलीकडच्या टोकापर्यंत गेले. वळताना पाय टेकले. परत आले. दादा शेताच्या कडेला लाकडी खुर्चीवर, प्लास्टरचा पाय खोक्यावर ठेवून बसला होता. त्याने घड्याळ बघितलं आणि म्हणाला, “बंद कर. हात लावून बघ किती तापलंय.”

नेलपॉलिश तेव्हा लागलं. किलोमीटरचा काटा काढलेला, वेगाचा अंदाज नाही, मग मूठ किती पिळायची हे कसं ठरवणार? दादाने माझ्या पर्समधून बाटली काढली आणि मुठीच्या रबरावर एक लाल ठिपका आणि शेजारच्या धातूवर एक लाल रेघ ओढली. ठिपका रेघेपर्यंत आला की थांबायचं. पुढे न्यायचा नाही, काहीही झालं तरी. पहिल्या आठवड्याची रेघ म्हणजे जेमतेम पाव मूठ. दुसऱ्या आठवड्यात अर्धी. मग पाऊण. शेवटची रेघ पूर्ण मुठीची.

“ती कधी?” मी विचारलं.

“प्लास्टर निघेल त्या रविवारी. शेवटची रेघ तुझी. त्यानंतर गाडी माझी.”

त्या सहा आठवड्यांत मला दुसरं काही नको होतं. एकदा, फक्त एकदा, ती मूठ शेवटपर्यंत पिळायची आणि पट्टीच्या त्या टोकापर्यंत सोडायची नाही. लॅबमध्ये नमुने हलवताना माझं उजवं मनगट आपोआप आत वळायचं. शेजारची मुलगी विचारायची, हात दुखतोय का. मी म्हणायची, हो, जरा.

शनिवार-रविवारची दुपार त्यात जायची, आणि लॅबला दुसरी पाळी असली की मधली सकाळही. मी लॅबमधून कड तुटलेला एक मोजपात्राचा उभा ग्लास मागून आणला होता, त्यात ऑइल मोजायचं, लिटरला पन्नास मिली, बरोबर रेषेवर. हे काम मला जमायचं. प्लग काढून त्याचा रंग बघायचा: पांढरा पडला तर पेट्रोल कमी जातंय, काळा झाला तर जास्त, मारी बिस्किटासारखा झाला की बरोबर. रंग बघणं तर माझा पेशाच होता. दादा म्हणायचा काळपट आहे, मी म्हणायची नाही, अजून एक छटा उतरू दे. दोन दिवसांनी तो विचारायचाच बंद झाला, प्लग सरळ माझ्या हातात द्यायचा.

आणि इथे दादाने एक चूक केली. चूक म्हणजे काय, त्याचा स्वभाव. रनिंग-इनपुरती मी चालवणार होते, तेव्हा गाडी मला सोयीची आहे की नाही याच्याशी त्याला काही देणंघेणं नव्हतं. पण मी एकदा सहज म्हटलं, “खड्ड्यातून जाताना मागून पाठीत बसतं रे.” झालं. त्याला झोप लागेना. आईच्या शिवणाच्या टेपने त्याने मोजलं, गाडी मोकळी असताना मागचा भाग किती उंच, आणि मी बसल्यावर किती खाली. मी तेव्हा त्रेचाळीस किलोची होते, त्याचं आवडतं नाव काडी. “काडी बसली तर स्प्रिंगला कळतच नाही,” असं म्हणत त्याने शॉकअपच्या, म्हणजे मागच्या स्प्रिंगच्या, खाचा पार सैल केल्या. मग हँडल माझ्या खांद्यांना लांब पडतं म्हणून ते मागे घेतलं. पायाच्या टेकण्या वर घेतल्या. पुढच्या फोर्कातलं तेल पातळ केलं. टायरमधली हवा अंगठ्याने दाबून दाबून कमी केली. दर वेळी म्हणायचा, “तात्पुरतं आहे हां,” आणि दर वेळी आणखी एक आटा फिरवायचा. वाकडी लागलेली वस्तू तशीच सोडून देणं त्याला शक्यच नव्हतं.

मी फेरी मारून यायची आणि सांगायची, वळताना मागचं चाक बाहेर पळतं, किंवा मधल्या उंचवट्यावर पुढचं चाक उगाच हलकं होतं. तो डोळे मिटून ऐकायचा. आम्ही भावंडं आयुष्यात इतकं कधी बोललो नव्हतो, आणि नंतरही नाही. आता तो नाशिकला असतो. फोनवर आम्ही साखर किती आली ते एकमेकांना सांगतो.

चार वाजता काकू गवती चहा घातलेला कोरा चहा आणायच्या. वालाच्या शेंगा उकडलेल्या असायच्या, त्यांना ओव्याचा वास. नदीवरून गार वारा सुटायचा आणि त्यात अधूनमधून आमच्या कारखान्यांचा तो ओळखीचा, नासक्या फळांसारखा वास यायचा. गाडी गार होताना टिकटिक आवाज करायची. काका बैलाच्या पाठीवर हात फिरवत विचारायचे, “आज कवरी पलाली?” मी सांगायची, अर्ध्या रेघेपर्यंत. ते मान हलवायचे. माझ्या केसांना, ओढणीला, हातरुमालाला, सगळ्याला तो धुराचा वास यायचा. घरी आम्ही सांगितलं होतं की दादाला मोकळ्या हवेत बसवायला नेते. आईला सगळं माहीत होतं. अप्पांना काही माहीत नाही, अशी आमची पक्की समजूत होती. अप्पा कमी बोलायचे. त्यांनी ओरडल्याचं मला आठवत नाही, पण ते खोलीत आले की मी पाय जवळ घेऊन बसायची. का, ते कधी मनात आलं नाही.

शेवटच्या आठवड्यात, पाऊण मुठीवर, ती गाडी मला कळायला लागली. म्हणजे मी वळायचं मनात आणलं की ती वळायची. उंचवट्यावरून सुटून दोन्ही चाकं जमिनीवेगळी व्हायची, वीतभरच, आणि परत टेकताना कुठेही दणका बसायचा नाही. मी हसत असायची. हेल्मेटच्या आत मोठमोठ्याने, एकटीच. मला आयुष्यात पुढे पुष्कळ मिळालं, दोन मुलं, स्वतःची नोकरी, बरा नवरा. पण तसं हसू आलं नाही. हे मी तक्रार म्हणून सांगत नाही, आलं नाही एवढंच.

गुरुवारी प्लास्टर निघालं. पाय वाळक्या काठीसारखा झाला होता. रविवारी आम्ही धावेवर गेलो तेव्हा दादा म्हणाला, आधी मी एक फेरी मारून बघतो, मग तुझी शेवटची रेघ. तो बसला आणि गाडी मागून खाली दबली, जवळजवळ चाकाला टेकली. तो पट्टीच्या टोकापर्यंत गेला. वळताना गुडघा हँडलला आपटला. उंचवट्यावर असा दणका बसला की मला इथे कडेला ऐकू आला. परत आला आणि उतरला. मोडलेला पाय त्याने नुसता टेकवला होता, भार दुसऱ्यावर.

“ही माझी गाडी नाहीच,” तो म्हणाला.

“खाचा परत घट्ट करू. हँडल पुढे घेऊ. तासाभराचं काम आहे.”

“करता येईल.” मग त्याने माझ्याकडे बघितलं. “नाहीतर शर्यत तू चालव.”

मला वाटलं, चेष्टा करतोय. पण त्याचा चेहरा चेष्टेचा नव्हता. दोन वर्षं ज्याच्यासाठी तो जगला होता ते तो मला देत होता, आणि अगदी साध्या आवाजात, चहा घे म्हणावं तसा. बाळारामकाका गव्हाणीपाशी उभे होते. ते म्हणाले, “बराबर बोलतो तो. जिचं वजन, तिची गारी. चालव पोरी.”

“छे,” मी म्हटलं. “मी काय.”

एवढंच. तीन शब्द. मागे कोणी उभं नव्हतं, कोणाची हाक आली नाही, कोणी डोळे वटारले नाहीत. आई घरी होती, अप्पा शिफ्टला होते. मला ती शर्यत हवी होती. आणि तोंडातून आलं ते हे. शिंकेसारखं आलं, विचार करायच्या आधी.

“निदान शेवटची रेघ तरी घे,” दादा म्हणाला.

“नको. तूच घे. तुझी शर्यत आहे.” आता मला वाटतं, एकदा पूर्ण मूठ पिळली असती तर मी परत उतरलेच नसते, हे मला कुठेतरी ठाऊक होतं. म्हणून नको म्हटलं. चांगल्या मुलीसारखं.

मग मीच वाकडा पाना घेतला आणि शॉकअपच्या खाचा घट्ट करायला बसले. एक, दोन, तीन, चार. दादाचा पाय वाकत नव्हता, त्याला खाली बसता येत नव्हतं. हँडल मी पुढे ढकललं. टेकण्या खाली घेतल्या. मोपेडची दांडी काढून जुनी लांब दांडी बसवली. प्रत्येक नट मीच आवळला आणि दादा वरून नुसता बघत होता. त्याने दोनदा माझं नाव घेतलं. मी वर बघितलं नाही. काका बैल सोडून नदीवर घेऊन गेले.

शर्यतीच्या दिवशी मैदानात धुळीचे लोट उठले होते. दोरीच्या मागे माणसं, शेंगदाणेवाले, बर्फाच्या गोळ्याची गाडी. आई आणि मी एका चटईवर बसलो होतो. आणि गर्दीतून अप्पा आले. इस्त्रीचा शर्ट, हातात थर्मास. मी इतकी दचकले की उठून उभी राहिले. ते चटईवर बसले, चपला काढून एकाशेजारी एक ठेवल्या, आणि मैदानाकडे बघून त्यांनी मला विचारलं, “तू इथे कशी?”

“म्हणजे?”

“तू चालवणार आहेस ना?”

“नाही. दादा चालवतोय.”

“असं?” ते म्हणाले. “महिनाभर तुझ्या कपड्यांना वास येतोय. केमिकलमध्ये हयात गेली माझी, एवढं कळतं मला. मला वाटलं, तूच चालवणार. म्हणून रजा टाकून आलो.”

त्यांनी थर्मासच्या झाकणात चहा ओतला, मला दिला, आणि म्हणाले, “बरं.”

दादा दुसऱ्या फेरीत पडला. वळणावर त्याने मोडलेला पाय टेकवला आणि तो तिथेच दुमडला. फार लागलं नाही. गाडी बाजूला पडून चाक फिरत राहिलं. एप्रिलमध्ये त्याने ती विकली, मे महिन्यात माझं लग्न झालं. त्या दिवसाबद्दल अप्पा पुन्हा कधी बोलले नाहीत, दादाही नाही, आणि मी तर नाहीच.

नाहीच, हेही खरं नाही. मी बोलत आले. नवऱ्याला सांगितलं, मुलांना सांगितलं, लॅबमधल्या मैत्रिणींना सांगितलं, की मी तेव्हा मोटरसायकल चालवायची, शर्यतीतसुद्धा उतरणार होते, पण त्या काळी मुलींना कोण चालवू देतंय, वडील कडक. ऐकणाऱ्याला ते लगेच पटायचं, कोणी दुसरा प्रश्न विचारायचं नाही. पहिल्यांदा मी हे कधी बोलले ते आठवत नाही. बहुधा लाजेने बोलले असेन, आणि मग तीच गोष्ट झाली. अप्पांच्या समोरही एकदा बोलले होते, मुलाच्या मुंजीत, पाहुण्यांत. ते पंगतीत पलीकडे बसले होते. त्यांनी ऐकलं. वरणात भात कालवत राहिले. त्यांना जाऊन आता एकोणीस वर्षं झाली. ज्या माणसाने माझ्यासाठी रजा टाकली त्याला मी जन्मभर आडवा आलेला बाप करून ठेवलं, आणि त्याने मला एकदाही खोटं पाडलं नाही. मला याचं फार वाईट वाटतं. गुडघे, साखर, नवे फ्लॅट, कशाने मी इतकी थकलेली नाही जितकी या एका गोष्टीने.

मुलगा आणि सून जिन्यावरून खाली येत आहेत. सुनेच्या हातात मोबाईल, तिने बाल्कनीतून फोटो काढले आहेत, मला दाखवते आहे. सकाळी येताना गाडीत मी तिला ती गोष्ट सांगितलीच होती, नेहमीसारखी. तिने आठवणीने विचारलं, “आई, ते शेत इथेच कुठेतरी होतं ना? तुमच्या वडिलांनी नाही म्हटलं होतं ते?”

“त्यांनी नाही म्हटलं नव्हतं गं.”

“मग कोणी?”

मुलगा गाडीची किल्ली खिशात शोधत होता. मी उठायला हात पुढे केला, तिने तो धरला. पुरती उभी राहिले, आणि सांगितलं, “मी.”